शंखाचं तोंड कुठलं?

आमच्या भाऊजींना अख्खं गाव 'हनुवटी' म्हणतं. तोंडावर हनुवटीकाका, पाठीमागे नुसतं हनुवटी. बसस्टँडच्या मागे त्यांचा पासपोर्ट फोटोंचा स्टुडिओ आहे आणि स्टुलावर बसलेल्या प्रत्येकाला ते एकच पालुपद ऐकवतात, "हनुवटी थोडी वर. कान दिसू देत. हसू नका." स्टुडिओ म्हणजे तरी काय, एक पांढरा पडदा, आरशाला सुतळीने बांधलेला कंगवा (मोकळा ठेवला की पाय फुटतात त्याला), आणि टी-शर्ट घालून फोटोला येणाऱ्या दिवट्यांसाठी खिळ्याला टांगलेला एक काळा कोट. तो कोट घालून निम्म्या गावाने नोकऱ्या पटकावल्या आहेत. कोट पाठीत हातभर उसवलाय. मी शिवणकाम करते, मला ते बघवत नाही. कितीदा म्हटलं, द्या इकडे, दोन टाके घालून देते. तर म्हणतात, "कशाला? पाठ फोटोत येत नाही."

ह्या माणसाशी माझ्या ताईने संसार केला. ताई म्हणजे चौकशीचं खातं. कुणाच्या घरी पाहुणे आले, समोरचा कुत्रा आज लंगडतोय का, ढग इकडून तिकडे का निघाले, सगळं तिला कळायला हवं. रोज सकाळी समुद्रावर चक्कर मारायची आणि पदरात शंख-शिंपले घेऊन यायची. घरातल्या प्रत्येक खिडकीत वाळू. मी वरच्याच मजल्यावर राहते, त्यामुळे त्या वाळूवरून झालेली भांडणंसुद्धा मला पाठ आहेत.

मग ताई न्हाणीघरात घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले चाला. ताई घरातल्या घरात काठी टेकत चालायची, पण उंबरा आला की थांबायची. जी धास्ती बसली ती बसलीच. दिवसभर खिडकीपाशी खुर्चीत, आणि खिडकीसमोर काय, तर शेजारच्या इमारतीची भिंत. डॉक्टरांनी भाऊजींना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "अशाच बसून राहिल्या तर पाय कायमचे बसतील." मला मात्र पायांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची भीती वाटत होती. ताईने प्रश्न विचारणं बंद केलं होतं. शेजारच्या बिऱ्हाडात रात्री मोठ्ठं भांडण झालं, भांडी आपटली, तरी सकाळी तिने मला विचारलंसुद्धा नाही, काय गं झालं? मला तेव्हा खरंच रडू आलं.

भाऊजींना काय सुचावं? ते सकाळी स्टुडिओ उघडण्याआधी कॅमेरा घेऊन समुद्रावर जायला लागले. ताईला जाता येत नाही तर तिचे शंख-शिंपले फोटोतून घरी आणायचे. कल्पना चांगली होती हो. पण फोटो बघितले आणि मी कपाळाला हात लावला. प्रत्येक शिंपला बरोब्बर मधोमध, खाली पांढरा रुमाल, वाळूचा कण नाही, सावली नाही. वर एका कागदावर त्याच शिंपल्याच्या आठ प्रती, छोट्या छोट्या, कापायच्या रेघांसकट.

"भाऊजी, हा शिंपला कुठे परदेशी निघालाय का?" मी म्हटलं.

"सवयीने छापले गेले," ते ओशाळून म्हणाले.

ताईने सगळे फोटो बघितले. "छान आहेत," म्हणाली आणि गठ्ठा पालथा करून ठेवला. ते 'छान' ऐकून भाऊजींचा चेहरा एवढासा झाला.

पुढच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर गेले. हा माणूस नेमकं करतो तरी काय, ते मला बघायचं होतं. त्यांनी एक शंख उचलला, जुन्या टूथब्रशने घासला, रुमालावर ठेवला आणि मग सुरू झालं. असा फिरव, तसा फिरव. गुडघे टेकून बसलेले, डोळा बारीक केलेला.

"काय शोधताय?"

"तोंड."

"कुणाचं?"

"ह्याचं. तोंड कुठलं ते कळल्याशिवाय समोरून फोटो कसा काढणार?"

मी हसणार होते, पण बघते तर माणूस गंभीर. मग मीही गुडघे टेकले. खरंच, शंखाचं तोंड कुठलं? टोकदार बाजू की उघडी बाजू? मी म्हटलं टोक, ते म्हणाले भोक. रुमालावर आमचा वाद रंगला आणि समुद्राकडे कुणाचंच लक्ष राहिलं नाही. लाट आली ती थेट पायांवर. भाऊजी कॅमेरा वाचवायला मागे उडाले, बोट बटणावर पडलं, आणि रुमाल, ब्रश, शंख सगळं पाण्यात गेलं. दोघंही ओलेगच्च होऊन घरी आलो.

तो उडता फोटो ते पुसूनच टाकणार होते. मी आगाऊपणाने छापायला लावला. म्हटलं, ताईला जरा तुमची फजिती दाखवते. फोटो तिरपा आलेला. रुमालाचा पत्ता नाही. पार कोपऱ्यात दुसराच कुठला तरी शंख, बाकी नुसती ओली वाळू, आणि वाळूवरून एक नागमोडी रेघ निघून फोटोच्या कडेबाहेर गेलेली.

ताईने फोटो हातात घेतला. जवळ नेला. चष्मा वर केला.

"ही रेघ कसली?"

मी आणि भाऊजी जागच्या जागी उभे.

"अहो, तुम्हाला विचारतेय. ही रेघ कुठे जाते पुढे?"

"बघितलं नाही," भाऊजी म्हणाले.

"नाकासमोर होती आणि बघितलं नाही? धन्य आहात!"

मी पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले आणि पदराने डोळे पुसले. ताईने नवऱ्यावर डाफरून किती महिने झाले होते.

त्यानंतर रुमाल घरीच राहायला लागला. भाऊजी रोज तसल्या रेघा शोधायचे, आणि ताई खुर्चीतून हुकूम सोडायची. वरून काढू नका, सगळं सपाट दिसतं, खाली बसा. शंख मधोमध कशाला, बाजूला घ्या, रेघेला चालायला जागा द्या. सावली येऊ दे, सावलीमुळेच तर खोली कळते. जन्मभर सावली पुसत आलेला माणूस निमूटपणे वाळूत कोपरं टेकून लोळायला लागला. फोटो सुधारत गेले. ताईचे तर्क चालायचे, रेघ खेकड्याची असेल, किड्याची असेल, पक्ष्याने काही ओढत नेलं असेल.

आणि मग भाऊजींनी घोळ घातला. एकदा ते रेघेच्या मागोमाग शेवटपर्यंत गेले आणि वाटेचे, शेवटचे, सगळे फोटो ओळीने आणून ताईपुढे मांडले. शेवटी काय, तर वाळूचा एक छोटा उंचवटा. ताईने बघितलं. "हं. छान," म्हणाली आणि फोटो पालथे केले.

तो सबंध दिवस पुन्हा एकही प्रश्न नाही. भाऊजी जिन्यात मला म्हणाले, "सगळं दाखवलं की संपतं गं." एवढंच म्हणाले आणि खाली गेले.

दुसऱ्या दिवशीच्या फोटोत रेघ एका खडकामागे गेली होती.

"खडकामागे काय आहे?" ताईने विचारलं.

"माहीत नाही."

"का?"

"स्टुडिओ उघडायचा होता."

त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. रेघ खडकामागे, भाऊजी खडकाच्या अलीकडे. चेहरा असा कोरा की मलासुद्धा संशय येईना. तिसऱ्यांदा तसाच फोटो आल्यावर मात्र ताईचं डोकं फिरलं.

"ह्या माणसाला एक गोष्ट म्हणजे एक गोष्ट धड बघता येत नाही! माझ्या चपला कुठायत?"

चपला मी आणल्या. "समुद्राच्या कठड्यापर्यंतच हं," ताई म्हणाली, "पुढे मला जमायचं नाही." भाऊजींनी घडीची खुर्ची उचलली. ताई उंबऱ्यावर थांबली, काठी घट्ट धरली, मला एक शिवी हासडली, आणि पाय बाहेर टाकला.

वाटेत ती दोन पावलं पुढे होती तेव्हा मी हळूच विचारलं, "भाऊजी, खरंच बघितलं नव्हतंत?"

"न बघता परत येताना जीव जात होता माझा," ते म्हणाले.

कठड्यापाशी खुर्ची मांडली. ताई बसली, धापा टाकत होती. ओहोटी होती, वाळू ओली. आणि पायऱ्यांच्या खालीच एक ताजी रेघ. ताईने ती बघितली. आमच्याकडे बघितलं. मग उठली.

ती रेघेच्या बाजूबाजूने निघाली, काठी आधी टेकून. भाऊजी खुर्ची काखोटीला मारून मागे, त्यांच्या मागे मी. बस म्हणायची दोघांचीही छाती झाली नाही. रेघ लांबली, वळली, खडकाला वळसा घालून गेली. ताईही गेली. पलीकडे वाळूचा उंचवटा होता. तिने काठीच्या टोकाने वाळू हळूच सरकवली.

"अगं बाई! हा तर जिवंत आहे! इकडे या, इकडे या, बघा त्याचं तोंड!"

मी धावले. शंखाच्या उघड्या बाजूने एक ओलं, मऊ तोंड बाहेर आलं होतं, दोन बारीक शिंगं हलवत. म्हणजे भाऊजींचं भोक जिंकलं होतं. पण ते आलेच नाहीत. वळून बघते तर खडकाजवळ वाळूत कोपरं टेकून पडलेले, आणि कॅमेरा आमच्याकडे.

संध्याकाळी त्यांनी फोटो आणून दिला. एकच प्रत, चांगली मोठी. ताई फोटोच्या अगदी कडेला, पाठमोरी, वाकलेली. तिची लांब सावली, काठीची भोकं, आणि पुढे रिकामी वाळू. शंख नाहीच.

"अहो, ह्यात माझं तोंड कुठंय?"

"पुढे बघतेयस ना तू."

"आणि त्या तिकडे, पाण्याच्या कडेला, काळं काय दिसतंय?"

"माहीत नाही," भाऊजी म्हणाले. "उद्या जाऊन बघू."

ताईने त्यांच्याकडे रोखून बघितलं. सगळं तिच्या ध्यानात आलं होतं, मला कळत होतं.

"बघू," ती म्हणाली. "पण ती खुर्ची आणू नका. उगाच लोढणं."