प्रामाणिक माणसाची जर्मन गाडी

माझ्या नवऱ्याने चौदा वर्षं कर खात्यात नोकरी केली आणि चौदा वर्षांत एकदाही पैसे खाल्ले नाहीत. हे मी कौतुकाने सांगते आहे असं वाटेल. पण त्या काळी सुरतेत कुणाला हे सांगितलं, की समोरचा माणूस हळू आवाजात विचारायचा, "तब्येत वगैरे बरी असते ना साहेबांची?"

आम्ही उधन्याला राहत होतो. सोसायटीत सगळे साडीवाले, दलाल, एकदोन डॉक्टर, आणि आम्ही. मी नवागामच्या मराठी शाळेत शिकवत होते. चौघांचं कुटुंब एका स्कूटरवर फिरायचं: थोरली पुढे उभी, धाकटी आमच्या दोघांच्या मध्ये दाबलेली. थोरलीला बारावं लागलं आणि ती पुढे उभी राहिली की यांना रस्ता दिसेना. म्हणून गाडी घ्यायचं ठरलं. हौस म्हणून नाही, रस्ता दिसावा म्हणून.

प्रॉव्हिडंट फंडातून कर्जाऊ काढलेले आणि माझ्या भिशीचे मिळून साठेक हजार होत होते. रिंग रोडमागे जुन्या गाड्यांचा एक दलाल होता, त्याच्याकडे एका रविवारी आम्ही दोघं गेलो. मला नेलं, कारण घासाघीस करायला यांना लाज वाटते. माझी लाज लग्नानंतर दुसऱ्या वर्षीच संपली होती.

साठ हजारांत लहान गाडी मागितल्यावर दलाल हसला. त्या भावात येणाऱ्या लहान गाडीला दारं होती, पण ती चारी दारं एकाच गाडीची नव्हती. मग त्याने माझ्या चपलांपासून यांच्या शर्टाच्या कॉलरपर्यंत एकदा बघून घेतलं आणि आम्हाला शेडच्या मागे नेलं. ताडपत्री ओढली. खाली एक लांबलचक, दुधी रंगाची जर्मन गाडी होती. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण त्यांचा काही दोष नव्हता. वीस वर्षांपूर्वी आफ्रिकेहून परतलेल्या एका कुटुंबाने ती बोटीतून आणली होती आणि त्यानंतर आमच्या आधी सहा जणांनी तिच्यावर आपापले प्रयोग करून घेतले होते.

"साठ हजारांत ही?" यांचा आवाज बदलला. लग्न ठरलं तेव्हाही बदलला नव्हता.

"बेन," दलाल मला म्हणाला, कारण हे तर आधीच गळाला लागले होते, "हाथी जीवतो लाखनो, मरेलो सवा लाखनो."

"मग सवा लाखाचा हत्ती साठात का देता?"

"माणस जोईने आपीए छीए, बेन."

माणूस बघून देतो. हे मात्र त्याने खरं सांगितलं. मी दोन तास भांडून सत्तावन्नला सौदा पक्का केला आणि आपण जिंकलो अशा समजुतीत गाडीत बसले. सीट एवढी मऊ होती की मी आत गेले ती बाहेर यायला यांना हात द्यावा लागला. गाडी सुरू झाली तेव्हा आवाज ऐकून मी मागे टेम्पो आलाय का ते पाहिलं. मागे काही नव्हतं.

सोसायटीच्या फाटकातून ती आत आली तेव्हा तिचं तोंड आमच्या जिन्यापाशी होतं आणि शेपूट अजून रस्त्यावर. गॅलऱ्या भरल्या. सोसायटीचा चेअरमन साडीचा मोठा व्यापारी होता. सहा वर्षांत त्याने यांच्या नमस्काराला कधी मान हलवली नव्हती. तो स्वतः जिना उतरून आला, गाडीभोवती प्रदक्षिणा घातली आणि यांचा हात हातात घेऊन म्हणाला, "साहेब, तमे तो छुपा रुस्तम निकळ्या!"

"अहो, जुनी आहे. सत्तावन्न हजार फक्त," हे म्हणाले.

चेअरमनने डोळा मारला. "सत्तावन्न. बरोबर. कागदावर आटलुंज लखाय, एवढंच लिहायचं."

त्या संध्याकाळी आमच्याकडे पेढे आले. गाडी आमची आणि पेढे त्यांचे.

पुढचे तीन महिने आम्ही सुरतेतलं एक प्रतिष्ठित कुटुंब होतो. वाणी, जो आठ तारखेनंतर तेलाचा डबा मागच्या फळीवर सरकवायचा, तो आता "बेन, उतावळ नथी" म्हणू लागला. शाळेत मुख्याध्यापिकेने स्नेहसंमेलनाला मला पहिल्या रांगेत बसवलं आणि पडद्यांची देणगी मागितली. यांच्या ऑफिसात तर साहेबांनी, म्हणजे यांच्या वरिष्ठांनी, बोलावून खुर्ची दिली, चहा मागवला आणि विचारलं, "पार्टी कुठली? हजीऱ्याच्या कारखान्यांकडची का?" यांनी खिशातून दलालाची पावती काढून दाखवली. साहेबांनी ती प्रकाशात धरून बघितली आणि भारावून म्हणाले, "क्या बात है. एवढी साफ पावती मला अजून कुणी करून दिली नाही."

हे घरी येऊन जेवले नाहीत. चौदा वर्षं जपलेली अब्रू एका रविवारी गेली होती, आणि गेल्याबद्दल लोक अभिनंदन करत होते.

गाडीचं म्हणाल तर ती उभी असताना उत्तम होती. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील गाड्यांचे मिस्त्री होते, धुळ्याकडचे. त्यांनी बोनेट उघडलं, बराच वेळ आत बघितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, गाडी जर्मननी शे, पन इंजिन टेम्पोनं शे."

"चालेल ना पण?"

"चालस ना. पन तिना मनमा ऊनं म्हनजे चालस."

तिच्या मनात सहसा यायचं नाही. सेल्फ मारला की ती खोकायची आणि गप्प व्हायची. मग ढकलणं. हे आत बसून स्टिअरिंग धरायचे, कारण क्लच दाबायचं तंत्र त्यांनाच जमायचं, आणि मी व दोन मुली मागून जोर लावायचो. बघणाऱ्यांना त्यातही थाटच दिसायचा. समोरच्या डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "इम्पोर्टेड गाडीची बॅटरी महाग असते ना, म्हणून तुम्ही रोज वापरत नाही, हो ना?" मागची एक काच खाली गेली की वर येत नसे, तिला लाकडी पाचर होती. एसीच्या भोकातून वारा येत नव्हता. एकदा पाल आली. पण धाकटी मात्र मागच्या सीटवर आडवी झोपू शकायची, आणि थोरली पहिल्यांदाच मान न वाकवता बसत होती, म्हणून मी काही बोलत नसे.

दिवाळीत एक यार्नवाला व्यापारी मिठाई घेऊन घरी आला. यापूर्वी कधी कुणी येत नसे, कारण येऊन उपयोग नाही हे बाजारात ठाऊक होतं. आता बाजाराला वेगळं ठाऊक झालं होतं. हे घरी नव्हते. मिठाईच्या खोक्याखाली एक साडी होती आणि साडीच्या घडीत पाकीट. तो गेल्यावर मला ते दिसलं.

खरं सांगते, मी लगेच त्याच्यामागे धावले नाही. साडी डाळिंबी होती आणि पदर हाताखालून पाण्यासारखा जात होता. ती मी खांद्यावर टाकली, आरशासमोर उभी राहिले. मनात म्हटलं, नाव तर झालंच आहे, मग साडीने काय घोडं मारलंय? तेवढ्यात हे आले. माझ्या खांद्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, "कुणाची?"

मी सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी साडीची घडी घातली, बायकांना जमणार नाही अशी नीट, आणि खोकं घेऊन पायी गेले. तासाभराने परतले ते आणखी वैतागलेले. व्यापाऱ्याला वाटलं होतं की रक्कम कमी पडली, म्हणून त्याने हात जोडून दुप्पट पाकीट पुढे केलं होतं. "त्याने माझी माफी मागितली," हे म्हणाले, "कमी दिल्याबद्दल." मग पलंगावर बसून राहिले. मी चहा केला. माफी मीही मागायला हवी होती, पण ती मला चहातूनच मागता आली.

मग कुणीतरी निनावी अर्ज केला. पैसे खाण्याबद्दल नसावा. एकट्याने खाण्याबद्दल असावा. अहमदाबादहून चौकशीसाठी एक अधिकारी आले, सफारी सूट, हातात चामडी बॅग. त्यांनी आमची दोन खोल्यांची जागा बघितली, कपाट उघडायला लावलं, माझे दागिने बघितले. ते बघायला फार वेळ लागला नाही. मग म्हणाले, "गाडी ज्याच्याकडून घेतली त्याच्याकडे चला. याच गाडीने."

"साहेब, रिक्षाने जाऊ या," हे म्हणाले.

"का? गाडी दाखवायची नाही?"

सकाळचे अकरा वाजले होते. मीही बसले, कारण सौदा मी केला होता. त्या दिवशी गाडी एका दमात सुरू झाली. चौकशी अधिकारी मऊ सीटमध्ये गळ्यापर्यंत बुडाले आणि वहीत काहीतरी लिहिलं. आता संपलं, असं मला वाटलं. ही बया आजच बरी चालतेय!

पण उधना दरवाजाजवळ, भर गर्दीत, तिच्या मनातून आमचा विचार उतरला. मागे रिक्षा, ट्रक, कापडाच्या गाठी लादलेले टेम्पो. सगळे हॉर्न वाजवू लागले. हे स्टिअरिंग सोडू शकत नव्हते. मी उतरले आणि अधिकाऱ्यांच्या बाजूचं दार बाहेरून उघडलं, कारण ते आतून उघडत नसे.

"साहेब, जरा हात लावता का? एकटीने हलत नाही."

त्यांनी बॅग सीटवर ठेवली, सफारीच्या बाह्या सरसावल्या आणि डिकीला दोन्ही तळवे लावले. आम्ही दोघांनी ती जवळजवळ दोन फर्लांग ढकलली. मध्येच ते धापा टाकत म्हणाले, "बहेनजी, हे नेहमीच असं?"

"नाही. एरवी मुली असतात."

शेवटी मिस्त्रीदादांच्या गॅरेजपर्यंत दोरी बांधून न्यावी लागली. त्यांनी अधिकाऱ्यांना पाणी दिलं, बोनेट उघडून टेम्पोचं इंजिन दाखवलं, लाकडी पाचर काढून दाखवली. मग फडक्याला हात पुसत म्हणाले, "साहेब, लाच खानारा मानूस हाई गाडी कसाले लेई?"

अधिकाऱ्यांना अहिराणी येत नव्हती. पण त्यांचे तळवे काळे झाले होते आणि त्यांना सगळं कळलं. दलालाकडे जायची गरजच उरली नाही. महिन्याभरात अहवाल आला: सदर वाहन सदर कर्मचाऱ्याच्या उत्पन्नाशी सुसंगत आहे.

यांनी तो कागद मला तीनदा वाचून दाखवला. यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

बातमी सोसायटीत पसरायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी चेअरमनने जिन्यात यांना अडवून विचारलं, "आ भंगार क्यारे हटावशो? छोकरांओने रमवानी जग्या नथी." इतके दिवस मुलांना खेळायला जागा कधी कमी पडली नव्हती. वाण्याचा तेलाचा डबा पुन्हा मागे सरकला. साडीवाल्यांच्या लग्नाच्या पत्रिका थांबल्या. आम्ही पुन्हा प्रामाणिक झालो होतो, आणि प्रामाणिक माणसाला कोण विचारतं?

गाडी विकायची ठरली. दलाल वीस हजारांच्या वर जायला तयार नव्हता. हत्ती आता मेलाय असं म्हणाला. आणि अचानक गिऱ्हाईक घरी चालत आलं: यांचे साहेब. तेच, पावती प्रकाशात धरणारे. त्यांच्या सासऱ्यांच्या नावावर दोन गाड्या होत्या आणि मेहुण्याच्या नावावर एक, पण त्या दाखवायच्या नव्हत्या. अहमदाबादच्या अधिकाऱ्याने जिला निर्दोष ठरवलं ती एकमेव गाडी सुरतेत आमच्याकडे होती.

"सत्तावन्नालाच घेतो," ते म्हणाले आणि ब्रीफकेस उघडू लागले.

"चेक," हे म्हणाले.

"अरे, आपल्यात कसला चेक?"

"साहेब, चेकच."

साहेबांना चेकबुक शोधायला दोन दिवस लागले. चेक वटल्याशिवाय यांनी किल्ली दिली नाही. पैसे मिळाल्यावर आम्ही फंडाचं कर्ज फेडलं, थोरलीला सायकल घेतली, आणि मुलींनी शेवटचा फोटो काढला तेव्हा मी गाडीजवळ उभी राहायला नकार दिला.

पुढच्या वर्षी बढत्यांची यादी लागली. साहेबांचं नाव होतं. त्यांच्या गोपनीय अहवालात वरच्यांनी शेरा लिहिला होता म्हणे: राहणी अत्यंत साधी, जुने वाहन वापरतात. यांचं नाव नव्हतं. हे घरी येऊन मला सांगायला लागले, मध्येच त्यांना हसू फुटलं, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत ते हसत राहिले. मीही हसले. मग त्यांनी तोंड धुतलं आणि विचारलं, "भाजी काय आहे?"