ढोलीतला दिवा

शुक्रवार पेठेतले आमचे शेजारी मला रोज सकाळी जुन्या बागेत भेटतात. कुणी पानाला हात लावायचा अवकाश, लांबूनच ओरडतात, "ओ, हात काढा! जीव हाय की त्याला!" मला त्यांचं भारी कौतुक वाटायचं. दर सोमवारी ते बेलाच्या म्हाताऱ्या झाडाला हात जोडत आणि वाऱ्यानं विझू नये म्हणून त्याच्या ढोलीत तेलाचा दिवा लावून घरी जात.

या सोमवारी ते गेल्यावर ढोलीतून धूर येऊ लागला. माळ्यानं पाणी मारलं, पण खोड आतून पार जळलं होतं. संध्याकाळी बेल कोसळला.

दुसऱ्या दिवशी माळ्यानं त्यांना सगळं सांगितलं. ते आडव्या पडलेल्या खोडावर डोकं टेकून रडले. मलाही भरून आलं. मग डोळे पुसून त्यांनी पिशवीतून पणती काढली.

"ताई, लई जुना सोबती गेला. त्याच्या नावानं दिवा लावतो," म्हणाले आणि शेजारच्या चिंचेच्या ढोलीत वाकले.

"ओ, हात काढा!" मी किंचाळलेच.

ते दचकून मागे वळले.

"का हो ताई? मी कुटं पान तोडतोय?"