होय म्हाराजा कशाला म्हणायचं

आमच्या घरात मूल जन्मलं की हापूसचं एक कलम लागतं. माझं परसात आहे, भावाचं त्याच्या पलीकडे. भावाला मुंबईत मुलगी झाली तेव्हा बाबांनी एप्रिलच्या उन्हात पहार घेऊन कातळात खड्डा पाडला. चार दिवस लागले. वय काय, करताय काय, म्हणून मी ओरडले, तर म्हणाले, "नात काय दर साल होते?" पाऊस लागला की लावायचं म्हणून कलमाची पिशवी न्हाणीघरामागे सावलीला ठेवली.

आणि मे महिन्यात मी माती खाल्ली.

मी रत्नागिरीत शाळेत विज्ञान शिकवते आणि सुट्टीत गावोगाव हवामानबदलावर बोलते. तेव्हा बोलायचे म्हणजे काय, घाबरवायचे! माणसं घाबरली की जागी होतात, अशी माझी पक्की समजूत. हातखंब्यावरून आत गेलं की आमचं गाव. मुंबईकर सुट्टीला आलेले, देवळाचा सभामंडप भरलेला, पडद्यावर माझी चित्रं. "उन्हाळा आणखी तापणार," मी म्हटलं. मागून एका काकांनी सवयीने सूर लावला, "होय म्हाराजा!"

आमच्याकडे देवासमोर गाऱ्हाणं घालतात. एकजण उभा राहून गावाचं दुखणं आणि मागणं मोठ्याने बोलतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणतात. त्याच मंडपात, तशाच ठासून बोललेल्या वाक्यांत मी बोलत होते. म्हाताऱ्यांची जीभ आपोआप वळली.

"मोहोर करपणार."

"होय म्हाराजा!"

"समुद्र आत येणार."

"होय म्हाराजा!"

पोरंटोरं हसून लोळली. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण मी रेटून सगळं बोलले. हसले नाहीत ते एकटे बाबा. गावाचं गाऱ्हाणं वर्षानुवर्षं तेच घालतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडवीत चहा पीत होते आणि ते खड्ड्यावर गंजका पत्रा ओढत होते.

"हे काय, बाबा?"

"कोण पडेल उगाच."

"आणि कलम?"

"कोणासाठी लावू, बाय? मोहोर करपणार, तूच सांगितलंस. वाईटाला गावाकडून होय वदवून घेतलंस." मग पत्रा खाली ठेवून, "दुखणं खरंच हाय गो. मलाही दिसतं. पण मागितलंस काय तू? काहीच नाय मागितलंस."

सगळ्या गावाला घाबरवायला गेले आणि घाबरला माझाच बाप. मला इतकी लाज वाटली की तो चहा मी तसाच ओतून दिला.

पाऊस लागला. गावात सगळीकडे कलमं लागली, आमची पिशवी मात्र न्हाणीघरामागेच. पानं पिवळी पडायला लागली. मी लावते म्हटलं तर बाबा म्हणाले, "हात लावू नको." मी जायची-यायची, पिशवीकडे बघायची आणि स्वतःवर चरफडायची.

आषाढात गावाची सभा लागली. नळाच्या पंपाला सौरऊर्जा जोडायची, त्यासाठी देवळामागच्या सड्यावर, उघड्या कातळावर, जागा द्यायची की नाही, हे ठरवायचं होतं. दर वादळात तारा तुटतात, पंप बंद पडतो आणि बायका हंडे घेऊन खाली व्हाळाकडे, ओढ्यावर, उतरतात. मला बोलायला सांगितलं. या खेपेला मी मुकाट बाबांसमोर जाऊन बसले आणि म्हटलं, "गाऱ्हाणं कसं घालतात, शिकवा."

त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "देवाला मधे घेऊ नको. माणसांनाच मागणं घाल. दुखणं लपवायचं नाय, पण तिथेच बसायचं नाय. नि आपण काय करणार तेही बोलायचं. नुसतं मागतो तो भिकारी."

सभेत मी पडदा लावलाच नाही. उन्हाळा कडक होतोय, वादळं वाढतायत, एवढं सरळ सांगितलं आणि मागायला लागले. "तारा तुटल्या तरी नळाला पाणी येऊ दे."

मग तेच काका, जरा बिचकत, "होय म्हाराजा."

एका आजींनी विचारलं, "पावसात ऊन कुठचं गो?" मी म्हटलं, "पावसात कमी चालेल आजी. टाकी भरायला वेळ लागेल, पण भरेल." त्या म्हणाल्या, "मग होय." पुढचं सगळ्यांनी उचललं. सड्याची जागा आम्ही देऊ, होय म्हाराजा! सौर पत्र्यांवरची धूळ पाळीपाळीने पुसू, होय म्हाराजा! या वेळी कोणी हसलं नाही. बाबा खांबाला टेकून होते. त्यांचे ओठ हलत होते की नाही, मला दिसलं नाही.

सकाळी उठले तर खड्ड्यावरचा पत्रा भिंतीला उभा. बाबा चिखलात गुडघ्यावर बसून पिशवी फाडत होते. मी धावले. अर्धी पानं गळलेली, पण शेंड्याला एक तांबूस पालवी फुटली होती.

"काठी धर सरळ," ते म्हणाले. माती दाबली, सुतळीने कलम काठीला बांधलं. मग तिथेच, आम्हा दोघांपुरतं, हळू आवाजात बोलायला लागले. "उन्हाळा कडक येईल, तो येईलच. पण माझ्या नातीच्या कलमाला घोटभर पाणी मिळू दे. मी नसलो तर ही घालील."

मी काठी तेवढी घट्ट धरून ठेवली.

"म्हण की गो," बाबा म्हणाले. "तुझ्याशिवाय कोण हाय इथं?"

"होय म्हाराजा," मी म्हटलं.