डब्यावरचं नाव आणि आतली चिप

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी पुण्याहून बंगळुरूला नोकरीला आले आणि जयनगरमधल्या एका घराच्या वरच्या खोलीत भाड्याने राहू लागले. घरमालकांना सगळे अण्णा म्हणत, त्यांच्या बायकोला अक्का. घराणं मराठी, पण कैक पिढ्या इथेच मुरलेलं. अक्का पुढच्या खोलीत शिवणाचा क्लास घ्यायच्या. अण्णांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून ते मागच्या खोलीत पडून असत. पडून राहणं मात्र त्यांच्या रक्तात नव्हतं. हाक न मारता एकटेच उठायला बघत आणि त्यापायी एकदा पडलेही होते. पुन्हा पडलात तर मी जबाबदार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"क्लास बंद करते झालं," अक्का एके दिवशी म्हणाल्या. "मशीनच्या आवाजात ह्यांची चाहूल कशी लागायची?" तीस वर्षांचा क्लास होता तो.

मी म्हटलं, थांबा, मी बघते.

सुटे भाग जोडून मी स्वतःचा कॉम्प्युटर उभा केला होता. त्यावर फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली होती, जिचा सगळा कोड उघडा. कुणीही वाचावा, बदलावा. फाटकावर लावतात तसला कॅमेरा आणि एक टीव्ही कार्ड त्याला जोडलं की पलंगाचं चित्र कॉम्प्युटरला दिसणार. अण्णांनी कूस बदलली तर त्याने गप्प राहायचं, पाय खाली आला की पुढच्या खोलीत घंटा वाजवायची. एवढा प्रोग्रॅम मला जमणार होता. अडचण निराळीच होती. कुठलं कार्ड लिनक्सवर चालतं हे कार्ड बनवणारे सांगत नसत. ते आम्ही जगभरातले हौशी लोकच एकमेकांना ईमेलने कळवायचो आणि एक यादी राखायचो. बंगळुरूच्या बाजारातल्या कार्डांच्या नोंदी करायचं काम माझ्याकडे होतं. ऑफिसात माझी नोंद म्हणजे काळ्या दगडावरची रेघ असं चेष्टेने म्हणत, आणि मला ते मनातून फार आवडायचं.

एस. पी. रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून मी यादीतलंच एक कार्ड आणलं. त्याच नावाचं एक ऑफिसात झकास चालत होतं. रविवारी सकाळी बसवलं, तर पडदा काळाठिक्कर. वायर बदलली, कार्ड काढून पुन्हा खोचलं, कॅमेऱ्याला नाही नाही ते बोलले. दुपार झाली. अक्का कॉफी घेऊन आल्या.

"स्वल्प तरी दिसतंय का गं?"

"दिसेल! यादीत आहे म्हणजे दिसणारच!" मी त्यांच्यावरच खेकसले. यादी चुकली असेल, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

सोमवारी ऑफिसातलं कार्ड मागून आणलं आणि दोन्ही शेजारी ठेवली. अण्णा पेपर वाचायचे ते भिंग घेऊन चिपवरचे बारीक आकडे वाचले. डबा तोच, डब्यावरचं नाव तेच, आतली चिप मात्र निराळी. लिनक्सचं जमतं ते चिपशी, डब्याशी नाही. आणि मी शहाणीने यादीत डब्यावरचं नाव लिहिलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्याच दिवशी ऑफिसातून यादीवाल्या सगळ्यांना ईमेलने कळवलं: माझी नोंद चुकली, डब्यावर जाऊ नका, चिपवरचा आकडा वाचा. कुणी हसलं नाही. उलट दोघांचं उत्तर आलं, की तेच कार्ड घेऊन ते महिनाभर स्वतःलाच दोष देत बसले होते. यादीत चिपच्या आकड्याचा नवा रकाना आला. तो माझ्यामुळे आला, हे मी आजही छाती फुगवून सांगते.

मग भिंग पर्समध्ये टाकून मी पुन्हा एस. पी. रोडला गेले. दुकानदार वैतागला, "मॅडम, बॉक्स खोला तो लेना पडेगा."

"सरी," म्हणजे बरं, मी म्हटलं, "तुम्हीच उघडा, मी फक्त बघते." हे माझ्या मोडक्या कन्नडमध्ये. सहाव्या डब्यात हवी ती चिप निघाली. घरी येऊन ते कार्ड बसवलं, तसा पडद्यावर अण्णांचा पलंग दिसला.

शनिवारी क्लास भरात असताना घंटा वाजली. अक्कांनी हातातली कात्री टाकली आणि त्या धावल्या. मी जिन्यावरून उड्या मारत खाली आले. अण्णांचा एक पाय जमिनीवर होता, हात कपाटाकडे गेलेला, आणि अक्कांनी त्यांना दंडाला घट्ट धरलं होतं.

"पाठीला डोळे फुटलेत का गं तुला?" अण्णा चिडून म्हणाले.

"फुटलेत," अक्का म्हणाल्या. "वरच्या पोरीने बसवलेत." आणि त्यांना निजवून त्या क्लासला परत गेल्या.

मी यादीत नोंद केली. कार्डाचं नाव, चिपचा आकडा, चालतं. कुठे तपासलं, या रकान्यात मी नेहमी ऑफिस लिहायचे. त्या दिवशी लिहिलं: जयनगर, मागची खोली.