आपल्या माणसाला कसला अर्ज?

टेंभुर्णीच्या बसमधून उतरताना पर्स हरवली, म्हणून मी नगरपालिकेच्या कॅमेऱ्यांच्या खोलीत गेले. तिथला माणूस मोठा भला. बशीतला चहा बाजूला ठेवून त्यानं मला खुर्ची दिली आणि अर्ज न मागताच स्टँडवरचं चित्रण लावलं. पडद्यावर मी दिसले, तसा तो हसला.

"ताई, तुम्ही रोज संध्याकाळी मारुतीच्या मागच्या गल्लीनं जाता ना?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"काल तुमचे भाऊ आल्ते. तुमचा फोटो दाखवून म्हणले, बहिणीची काळजी वाटून राह्यली. मंग आठवड्याचं सगळं मोबाईलमध्ये देऊन टाकलं. आपल्या माणसाला कसला अर्ज?"

उपकार केल्याच्या समाधानानं त्यानं पुन्हा बशी उचलली.

मी एकुलती एक. बाहेर अंधारून आलं होतं, आणि घरी जायला दुसरी गल्ली नव्हती.