खाजनातली सकाळ

फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं, अशी मागची दोन वर्षं गेली. आई आजारी होती आणि मी म्हापशाला, ती कारापूरला नंदूकडे. त्या दिवशी दुपारी फोन वाजला तेव्हा मी स्वयंपाकघरात कुळथाची पिठी ढवळत होते. नंदूचं नाव दिसलं. मी गॅस बंद केला, हात पुसले, पदर नीट केला... जणू फोन उशिरा उचलला तर बातमीही थोडी थांबेल. पलीकडून तो नुसतं "ताई..." म्हणाला. चाळिशी ओलांडलेला माझा भाऊ, लहान पोरासारखा रडू लागला.

आई गेली त्याला आता महिना होऊन गेला. भेटायला आलेले लोक आईबद्दल बोलताना हटकून तिच्या सायकलीबद्दल बोलतात. कुमुदबाई म्हणजे सायकलवाल्या मास्तरीण. डिचोली तालुक्यात त्या काळात साडी नेसून सायकलीवर शाळेत जाणारी बाई विरळाच. तिचं माहेर पेडण्याचं, तिथेच काजूच्या बागेतल्या पायवाटेवर ती सायकल शिकली. लोकांना वाटतं की ती मोठी धीट असणार. खरं सांगायचं तर माझ्या आईइतकं भित्रं माणूस मी पाहिलेलं नाही. पालीला भ्यायची, विजेला भ्यायची, पाण्याला तर फारच. पोहता येत नव्हतं, विहिरीत वाकून पाहायचीही नाही. उतार आला की ती सायकलीवरून उतरायची आणि ब्रेक दाबून चालत खाली जायची. शाळेतली मुलं हसायची. खनिजाचा ट्रक मागून आला की ती सायकल रस्त्याच्या कडेला घ्यायची, आम्हां दोघांना पोटाशी धरून आमच्या डोळ्यांवर पदर टाकायची आणि तांबडी धूळ खाली बसेपर्यंत तशीच उभी राहायची. पदराआड मला तिच्या छातीची धडधड ऐकू यायची.

बाबा बार्जवर कामाला होते, खनिज घेऊन नदीतून बंदराकडे जायचे, त्यामुळे महिन्यातले बरेच दिवस घरात आम्ही तिघंच. ते भाषेच्या वादाचे दिवस, गोव्याची राजभाषा कोकणी की मराठी. घरात आम्ही कोकणी बोलायचो, लिहायचो मराठी, आणि त्यात काही चुकीचं आहे असं तोवर कुणाच्या मनात आलं नव्हतं. मग अचानक माणसं दोन बाजूंना झाली. रस्त्यांवर झाडं आडवी पडली, बसगाड्या बंद झाल्या. आईच्या शाळेत आल्दाबाई म्हणून शिक्षिका होत्या, आईची जिवाभावाची मैत्रीण. त्या कोकणीच्या बाजूच्या, आई मराठीच्या. भांडण असं झालं नाही. फक्त दोघींचे डबे वेगवेगळ्या बाकांवर उघडू लागले. ते पुष्कळ महिने चाललं. पुढे वाद निवला, गोव्याला घटकराज्याचा दर्जा मिळणार अशी बातमी आली, आणि त्या मे महिन्यात, सुट्टी पडायच्या दिवशी, आल्दाबाई आमच्या सायकलीजवळ येऊन उभ्या राहिल्या. "कुमुद," त्या म्हणाल्या, "म्हज्या घरा यो. भुरग्यांक घेवन यो." मुलांना घेऊन घरी ये, असं. आईने मान खाली घातली आणि नुसतं "येतां" म्हटलं.

आल्दाबाईंचं घर एका जुव्यावर होतं. जुवें म्हणजे बेट. मांडवीच्या फाट्यात असं एक लहानसं जुवें, चहूकडून नदी, कडेने मातीचे लांबच लांब बांध आणि बांधांच्या आत खाजन, म्हणजे खाऱ्या जमिनीतली भातशेती. सुट्टीला म्हणून आम्ही त्याआधी कुठेच गेलो नव्हतो. शेजारच्या काकी म्हणाल्या, आता तिकडे कशाला जाता, दिवस बरे नाहीत. आई रात्रभर तळमळत होती हे मला कळलं, कारण मी तिच्या कुशीत होते. पण सकाळी तिने पिशवी बांधली. नंदू चार वर्षांचा, तो हँडलामागच्या लहान सीटवर. मी नऊ वर्षांची, मागे कॅरिअरवर पिशवी मांडीवर घेऊन. ट्रक चुकवत, उतार चालत, घामाघूम होऊन आम्ही नदीवर पोचलो. होडीत सायकल आडवी ठेवली. आईने एका हाताने होडीची कड आणि दुसऱ्याने आम्हां दोघांचे दंड असे धरले होते की पलीकडे उतरल्यावर माझ्या दंडावर तिच्या बोटांचे वळ होते.

आणि त्या जुव्यावर आई बदलली. तिथे ना ट्रक, ना उतार. बांध सपाट, सरळ, माणसाच्या वावराने टणक झालेला. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पाव चहात बुडवून खायचा आणि निघायचं. आई सायकल हाणायची. मी तिला तशी हाणताना कधी पाहिलं नव्हतं. पदर कमरेला खोचलेला, केस सुटलेले, नंदू पुढे किंचाळतोय आणि ती हसतेय... मोठ्याने, दात दिसतील असं. आल्दाबाई घरापुढच्या बाल्कांवात, बसायच्या ओट्यावर, आंबे चिरत बसलेल्या असायच्या. आम्ही परतलो की त्या आईला म्हणायच्या, "पळय, तांबडी जाल्या तूं!" पळय म्हणजे बघ. दोघी पुन्हा एकाच ताटातून खाऊ लागल्या होत्या.

त्या सकाळी आम्ही बांधाच्या टोकाला गेलो होतो. तिथे मानस होती. मानस म्हणजे भरतीचं पाणी आत घ्यायचं, ओहोटीला बाहेर सोडायचं, असं फळ्यांचं दार. नंदूला तिथल्या कुर्ल्या, म्हणजे खेकडे, बघायच्या होत्या. अमावास्या नुकतीच झालेली, भरती मोठी होती. पाणी बांधाच्या कडेला लागलेलं आई बघत होती आणि दोनदा म्हणाली, चला, परत जाऊया. आम्ही निघालो, थोडं अंतर आलो, आणि तिने ब्रेक दाबला. पुढे बांधच नव्हता. आलो तेव्हा होता. आता तिथे एक खिंडार पडलं होतं आणि नदीचं पाणी त्यातून धो धो शेतात उतरत होतं. कडेची माती ढेकळं होऊन पडत होती. पलीकडे बांध तसाच पुढे गावाकडे गेलेला, आणि दूर झाडांत आल्दाबाईंचं छप्पर.

आईने हाका मारल्या. वारा समोरून येत होता, हाका आमच्याच तोंडावर परत येत होत्या. तेवढ्यात नंदू मागे बघत म्हणाला, "आई, पळय, लाकूड चलता!"

मानशीजवळ, आम्ही जिथे कुर्ल्या बघत होतो तिथेच, ती बांधावर चढत होती. मगर. आमच्याकडे तिला मानगें म्हणतात. लोक सांगायचे की नदीच्या फाट्यात मानगीं आहेत, पण मी कधी पाहिलं नव्हतं. मातीच्याच रंगाची, ओली, शेपटी अजून पाण्यात. ती वर आली, आडवी पडली आणि हलेनाशी झाली. तोंड आमच्या दिशेला. मी आईकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता, आणि त्या क्षणी मला सगळ्यांत जास्त भीती कशाची वाटली असेल तर ती त्या चेहऱ्याची.

मग तिने सायकल बांधावर आडवी उभी केली, मानशीच्या बाजूला, आणि मला अलीकडे ठेवलं. माझे दोन्ही हात हँडलावर ठेवले. भीती वाटली की तिची शाळेची भाषा गळून पडायची. "सुमा, तूं हांगाच राव," ती म्हणाली. "घांट वाजयत राव. थांबूं नाका. ताका आवाजाचो भंय दिसता. हांव येतां." इथेच राहायचं, थांबायचं नाही, ते आवाजाला भितं, एवढं मला कळलं. मी घंटी वाजवू लागले. तिने नंदूला खांद्यावर घेतलं आणि ती त्या पाण्यात उतरली... विहिरीत न वाकणारी माझी आई. पाणी आधी गुडघ्याला, मग कमरेला. ओढीने ती शेताकडे वाकत होती, पाय रोवून पुन्हा सरळ होत होती. नंदू तिचे केस धरून रडत होता. मी एकदा तिच्याकडे बघायची, एकदा मानग्याकडे. घंटी वाजत होती. ती पलीकडे पोचली.

नंदू तिला सोडेना. तो तिच्यामागे पुन्हा पाण्यात येऊ पाहत होता. पलीकडे होड्या बांधायचा एक खुंटा होता. आईने अंगावरची साडी सोडली, नंदूच्या कमरेला गुंडाळली आणि त्याला त्या खुंट्याला बांधून टाकलं. शाळेतली कुमुदबाई, कधी खांद्यावरचा पदर ढळू न देणारी, उघड्या बांधावर परकर आणि पोलक्यावर उभी होती. तेव्हाच मी मागे पाहिलं, आणि मानगें जागेवर नव्हतं.

आवाज झाला नव्हता. ते पाण्यात कधी उतरलं, नदीच्या बाजूला की शेताच्या, मला कळलं नाही. माती तेवढी ओली दिसत होती. मघापर्यंत ते निदान डोळ्यांसमोर होतं. आता ते कुठेही असू शकत होतं, त्या खिंडारातही. माझी बोटं थिजली. घंटी थांबली. आईने वळून पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग मानशीकडे पाहिलं, आणि तिलाही कळलं. मी तिला ते पाहताना पाहिलं. ती क्षणभर, अगदी क्षणभर, काठावर तशीच उभी राहिली. मग परत पाण्यात उतरली.

या खेपेला पाणी तिच्या छातीला लागलं. ती माझ्याकडे बघतच येत होती, पाण्याकडे बघत नव्हती. "भियेनाका, भियेनाका," म्हणत होती, आणि दात वाजत असल्यामुळे शब्द तुटत होते. अलीकडे येऊन तिने मला पाठीवर घेतलं. माझे हात तिने स्वतःच्या गळ्याभोवती आवळले. मधोमध आल्यावर तिच्या पायाला काहीतरी लागलं. तिचं सगळं अंग एकदम ताठलं, मला ते माझ्या पोटाला जाणवलं. फांदी असेल, बांधाचा दगड असेल. ती थांबली नाही. आम्ही पलीकडच्या मातीवर आपटलो तेव्हा नंदू साडीत गुरफटून रडून रडून थकला होता.

शेतात पाणी पसरताना आल्दाबाईंनी बाल्कांवातून पाहिलं होतं. त्या धावत आल्या, मागून गावातली माणसं. आई बसली होती, आम्हां दोघांना कवटाळून, आणि तिचे हात सोडवता येत नव्हते. जबडा मिटलेला. आल्दाबाईंनी पुरुषांना लांब थांबवलं, खुंट्याची साडी सोडली, पिळली आणि स्वतःच्या हातांनी तिला नेसवली. निऱ्या चुकत होत्या, एरवी फ्रॉक घालणाऱ्या त्यांना साडीची सवय नव्हती. त्या नुसत्या रडत होत्या आणि निऱ्या घालत होत्या. त्यानंतर त्या दोघींमध्ये भाषेचा विषय निघाला नाही. दिवसकार्याला आल्दाबाई काठी टेकत आल्या, आईच्या फोटोसमोर बसल्या आणि काठी टेकतच गेल्या.

सायकल दुसऱ्या दिवशी ओहोटीला माणसांनी आणून दिली. आई आम्हांला घेऊन तीवरूनच घरी आली, उतारांवर चालत. ती धीट वगैरे झाली नाही. उलट त्यानंतर आम्ही न्हाणीघरात जास्त वेळ लावला तरी ती दार वाजवायची. बाबांना तिने काय सांगितलं, किती सांगितलं, मला माहीत नाही.

माझी मुलगी नऊ वर्षांची झाली तेव्हा मी आईला विचारलं होतं, तू नंदूला आधी का नेलंस? आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तू ऐकणारी. थांब म्हटलं तर थांबली असतीस. तो माझ्या मागून पाण्यात आला असता." थोड्या वेळाने मी म्हटलं, मानगें घंटीला भितं हे तुला कुणी सांगितलं होतं? तिने हात थांबवला. "मला काय ठाऊक ते कशाला भितं! मी पाठमोरी होते ना गो... तू आहेस हे मला ऐकू यायला हवं होतं." एवढं बोलून ती पुन्हा खडे वेचू लागली. घंटी थांबली तेव्हा तिला काय वाटलं असेल, ते विचारायचं धैर्य मला झालं नाही. आता ते राहूनच गेलं.

कारापूरच्या घरात आईची खाट माजघराच्या मधोमध आहे, अडचण होईल अशी तिरकी. ती भिंतीला लावू दे म्हणून नंदूची बायको पुष्कळदा म्हणाली होती, पण आई ऐकायची नाही. वारं लागतं म्हणायची. दिवसकार्य झाल्यावर नंदू ती सरकवायला गेला आणि तशीच ठेवून बाहेर निघून गेला. दुपारी घरात निजानीज झाली, तेव्हा मी तीवर जाऊन पडले. उशीवर डोकं ठेवल्यावर पुढचं दार दिसतं, आणि मान न वळवता मागचंही. माझी मुलगी पुढच्या दारात चपला घालत होती. नंदूचा मुलगा मागच्या दाराने विहिरीकडे निघाला होता. मला झोप येत होती, खूप दिवसांची झोप, पण ती दोघं परत आत येईपर्यंत डोळे मिटायला तयार नव्हते.