भिमामावशीचा अडुळसा

भोसरीच्या आमच्या गल्लीत खोकला झाला की माणूस आधी भिमामावशीकडे जातो, मग डॉक्टरकडे. कारखान्यातल्या ग्राइंडिंगच्या धुळीत दिवस काढणारी आमची छाती. ती मोकळी व्हायची तर मावशीचा अडुळसाच हवा. नळाशेजारी झुडूप आहे. त्याची पानं, आलं, मिरी आणि गूळ. शिफ्टला निघालेला एकेक जण ओट्यावर टेकतो, पेलाभर काढा रिचवतो आणि तोंड वाकडं करत बस गाठतो. "बरं वाटलं" असं म्हटल्याशिवाय मात्र मावशी सोडत नाही. कौतुकाची भारी हौस!

आणि तिचीच सून मिनल आठवडाभर खोकत होती, पण काढ्याला हात लावत नव्हती. मिनल चाकणला औषधांच्या कंपनीत लॅबमध्ये कामाला. मावशीच्या जिवाला ते फार लागलं होतं.

"सगळी गल्ली पिती, अन् घरच्या सुनेला माझ्या हातचं चालंना," ओट्यावर काढा पीत बसलेल्या मला ती म्हणाली. "शिकली म्हणून काय झालं, युनूस?"

मग पेला घेऊन ती थेट मिनलपुढं उभी राहिली. "आज पिल्याबिगर कामाला जायचं न्हाई."

"आई, तुमचा काढा खोटा नाही," मिनल म्हणाली. "त्या पानांत व्हॅसिसिन असतं. त्यानं कफ पातळ होतो, श्वास मोकळा होतो. त्याच्यावरूनच कंपन्यांनी खोकल्याचं औषध काढलंय."

मावशी फुलून गेली. "ऐकलंस का रं, युनूस? मंग पी की गं!"

"मला नाही चालत. त्यानं गर्भाशय आकसतं. दिवस गेलेल्या बाईला देत नाहीत."

मावशीला उमगायला वेळ लागला. मला आधी उमगलं, तसं मी माझ्या पेल्यात तोंड खुपसलं.

"आधी का न्हाई सांगितलंस?"

"मागच्या खेपेला लगेच सांगितलं होतं, आई. तुम्ही गल्लीभर पेढे वाटले. नंतर पोटात काही राहिलं नाही, तेव्हा दारोदार मलाच सांगत बसावं लागलं."

मावशीचा चेहरा उतरला. मलाही फार वाईट वाटलं. ते पेढे मीही खाल्ले होते. तिनं मिनलच्या डोक्यावरून हात फिरवला. "मिठाच्या पाण्यानं गुळण्या कर, अन् आजच डॉक्टरणीला दाखव." उरलेला काढा तिनं मोरीत ओतला, घरात त्याचा वासही नको म्हणून. सुनेसाठी गरम उपीट करायला घेतलं आणि माझ्यावर डोळे वटारले. "कुठं बोललास तर बघ!"

जिच्या तोंडात उभ्या जन्मात तीळ भिजला नाही, ती मला दम देत होती.

तेवढ्यात शेजारचे उद्धवराव खोकत आले. "मावशी, काढा?"

"आज न्हाई."

"का हो?"

मावशीचे डोळे भरले, ओठ हलले, तोंडभर हसू पसरलं. आता ही बाई सांगणार! मी श्वास रोखला. दारात मिनलही थबकली.

"गॅस संपलाय," मावशी म्हणाली. आत कढईत मोहरी तडतडत होती.